सईच्या क्यूचा पुढचा अर्धा

१

सरळ चोरी झाली असती तर बरं झालं असतं, असं मला त्या तीन दिवसांत निदान दहा वेळा वाटलं. चोरीत वस्तू जाते, माणूस रडतो, फॉर्म भरतो, मोकळा होतो. एकतीस वर्षं विमा कंपनीत चोरीचे क्लेम तपासण्यात घालवली आहेत मी, त्यातलं मला सगळं कळतं. पण इथं एक वस्तू गेली होती आणि तिच्या जागी तितकीच चांगली, उलट जास्त नवी वस्तू आली होती. आता यावर माणसानं करायचं काय, कपाळ?

शुक्रवारी सकाळी पावणेसातला सईनं माझी बेल दाबली ती सोडेचना. सई म्हणजे खालच्या मजल्यावरच्या भाऊंची मुलगी. वय अठ्ठावीस, नोकरी कसल्याशा सॉफ्टवेअरची आणि वेड पूलचं. पोहायचं नव्हे, टेबलावर रंगीत चेंडू काठीनं ढकलून भोकात घालतात, ते. त्या काठीला क्यू म्हणतात. काठी म्हटलं की सई चिडते, म्हणून मी काठीच म्हणते.

"मावशी, माझा क्यू कोणीतरी बदललाय!"

"आधी चप्पल काढ."

तिनं चप्पल काढली आणि एक लांबट काळी पेटी माझ्या जेवणाच्या टेबलावर उघडली. आत क्यूचे दोन अर्धे भाग. एकमेकांत पिळून बसवले की पूर्ण क्यू होतो.

"मागचा अर्धा माझा आहे. पुढचा नाही."

मी चष्मा लावून बघितलं. लाकूड ते लाकूड. "तुला कसं कळलं?"

"माझ्या शाफ्टवर, म्हणजे या पुढच्या अर्ध्यावर, टोकापासून चार बोटांवर एक तपकिरी ठिपका होता, लाकडातलाच. आणि आठ महिने खेळून त्याच्यात चॉकचा निळा रंग मुरला होता. हा बघ, कोरा करकरीत! हातातून सरकतोसुद्धा वेगळा. काल संध्याकाळी घाटकोपरला क्लबमध्ये पेटी उघडली तेव्हा कळलं गं."

क्यू हातानं बनवलेला होता. वर्सोवा कोळीवाड्यातल्या हरेश्वरनं सईच्या हाताची, उंचीची मापं घेऊन, तीनदा बोलावून, सात महिने लावून तो बनवला होता. त्यासाठी ही पोरगी दोन वर्षं कुठं फिरायला गेली नाही, की बाहेर धड जेवली नाही. आणि रविवारी त्याच क्लबमध्ये उपनगर चषकाची फायनल होती, यज्ञेश नावाच्या मुलाशी.

"दुसऱ्याचा शाफ्ट तुझ्या क्यूला बसला कसा?" मी विचारलं.

"तेच तर! हरेश्वर पितळी आटे स्वतः पाडतो. त्याच्या क्यूला दुसऱ्या कोणाचा शाफ्ट बसूच शकत नाही. म्हणजे हा त्याचाच. त्यानंच काहीतरी केलंय. रात्री फोन केला तर म्हणतो, मना काय सांगता येनार नाय. मी सरळ क्लबच्या ग्रुपवर टाकलं, हरेश्वर चोर आहे म्हणून."

"शहाणीच आहेस. पुरावा?"

"मावशी, रविवारी फायनल आहे!"

याला ती पुरावा म्हणत होती. पेटीला तीन आकड्यांचं कुलूप होतं, कुठंही ओरखडा नव्हता. नंबर काय, विचारलं तर म्हणाली, "एकशे सदतीस. असाच आपला. कोणालाच माहीत नाही." शनिवारपासून बुधवारपर्यंत ती ऑफिसच्या ट्रेनिंगला पुण्यात होती आणि पेटी घरी, तिच्या पलंगाखाली. "पण घरी कोण हात लावणार? बाबा तर तिकडं बघतसुद्धा नाहीत. अड्ड्यावरचा खेळ म्हणतात. काल झालेलं मी त्यांना सांगितलंही नाही. हे नक्की क्लबमध्येच झालंय. काल मी पेटी लॉकरजवळ ठेवून वीस मिनिटं खाली चहाला गेले होते."

मी पेटीत नाक घातलं. कसला तरी वास होता, जुना, ओळखीचा. नाव काही आठवेना. आतल्या मखमलीवर, फक्त पुढच्या अर्ध्याच्या खाचेत, एक पिवळट डाग होता.

तेवढ्यात दारात भाऊ. हातात दुधाची पिशवी. "सई, चहा निवतोय. उत्तराताईंना सकाळी सकाळी कशाला त्रास? नवी वस्तू हाताला बसायला चार दिवस लागतातच."

मी काही बोलणार तोच माझं गॅसवरचं दूध उतू गेलं. त्या दुधानं माझे दोन दिवस वाया घालवले.

२

घाटकोपरला मेट्रो थेट जाते हे खरं, पण मेट्रोपर्यंत पोचायचं आणि पुढं क्लबचे दोन जिने चढायचे ते माझ्याच गुडघ्यांनी. त्यात ऑक्टोबरचं ऊन. वर पोचले तेव्हा मी घामानं निथळत होते आणि क्लबचा मालक हर्षद मला म्हणाला, "आंटी, लेडीजसाठी सकाळी डिस्काउंट आहे."

"मला खेळायचं नाही. कॅमेरा बघायचाय."

लॉकरसमोर कॅमेरा होता. पण कॅमेऱ्याचा पासवर्ड हर्षदच्या भावाकडं, तो मुलुंडला सासऱ्यांकडं, आणि सासऱ्यांकडं म्हणे फोनला रेंज नाही. मी तिथल्या उंच स्टुलावर पाय लोंबकळत पावणेतीन तास बसले. शेवटी पासवर्ड मिळाला तो काय, तर हर्षदचाच मोबाइल नंबर! मी त्याला काय म्हणाले ते इथं लिहीत नाही.

गुरुवारची ती वीस मिनिटं मी दोनदा बघितली. सई पेटी ठेवते, जाते. एक जण पंख्याखाली उभा राहून शर्ट वाळवतो. एक जण जांभया देतो. सई येते, पेटी उचलते. मधल्या वेळात पेटीला कोणी बोटसुद्धा लावलेलं नाही.

"म्हणजे माझ्या क्लबवर डाग नाही ना?" हर्षद म्हणाला. "बरं झालं यार. पण हरेश्वरची वाट लागली. सकाळपासून दोघांनी ऑर्डर कॅन्सल केली. इथंच ठरवून गेले होते बिचाऱ्याकडं क्यू बनवायचं."

म्हणजे क्लबमध्ये काहीच झालेलं नव्हतं. अर्धा दिवस फुकट. मी चरफडत जिन्याकडं निघाले, तर वळणावर एक उंच मुलगा फोनवर ओरडत होता. "सहा महिने थांबलो मी! माझी वस्तू दुसऱ्याला दिलीच कशी तू? आणि वर लाकूड फाटलं म्हणून खोटं सांगतोस?"

तो यज्ञेश होता, क्लबमधल्या फायनलच्या पोस्टरवर फोटो होता त्याचा. मला बघून त्यानं फोन खिशात टाकला.

"कोणती वस्तू?" मी विचारलं.

"तुम्ही कोण?"

"सईची मावशी. तिच्या क्यूचा शाफ्ट बदललाय, आणि हरेश्वरचा दुसरा क्यू फक्त तुझ्याकडं आहे असं सई म्हणते."

त्याचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं, सापडला. पण त्यानं झटकन आपला क्यू काढून माझ्या हातात दिला. पुढचा अर्धा चॉकनं निळा झालेला, मुठीजवळ यज्ञेशचं नाव कोरलेलं. "बघा. माझं माझ्याजवळ आहे. मी एक जादा शाफ्ट सांगितला होता त्याला, फायनलच्या आधी देणार होता. परवा म्हणतो, फाटला. हरेश्वरचं लाकूड फाटत नाही हो. एकदा तासतो आणि तीन आठवडे दोऱ्याला टांगून ठेवतो, मग परत जरासं तासतो. असे सहा महिने. पाच दिवसांत नवा शाफ्ट होतच नाही त्याच्याकडं."

"मग तुझा शाफ्ट सईच्या पेटीत आला कसा?"

"हे तुम्ही त्याला विचारा. मला तर वाटतं, तिनंच त्याच्याकडून आधी पटकावला आणि आता रडते आहे."

३

परतीच्या वाटेवर मी विचार करून करून डोकं शिणवून घेतलं. चांगली वस्तू नेऊन चांगलीच वस्तू ठेवतो तो चोर कसला? असं फक्त एकच माणूस करतो: ज्याच्या हातून काहीतरी मोडलेलं असतं. आमच्या कंपनीत अशी प्रकरणं यायची. नवऱ्याच्या आईची काचेची बरणी फोडून गुपचूप तशीच दुसरी आणणाऱ्या सुना. मोडलं कोणाकडून? क्लब तर सुटला. राहिलं घर. मग सई पुण्याला असताना घरी कोण येऊन गेलं?

संध्याकाळी मी भाऊंकडं गेले. दाराबाहेर आमच्या जिन्यातली बोकी बसली होती, दाराच्या फटीला नाक लावून. भाऊंच्या घरी सईची आई गेल्यापासून मांजराला दूधसुद्धा मिळत नाही. ही इथं काय करते, असं मनात आलं आणि गेलं.

"कोणी कोणी आलं नाही हो," भाऊ म्हणाले. "मीही कुठं गेलो नाही. जाऊ दे ना आता. एका काठीवरून एवढं काय?"

"काठी म्हणू नका, बाबा," आतून सई ओरडली.

बैठकीच्या खोलीत भाऊंचं सगळं क्रिकेट भिंतीवर होतं. तरुणपणी ते बँकेच्या संघातून खेळायचे, हे अख्ख्या पार्ल्याला पाठ आहे. मध्ये पितळी ढाल, तिच्यावर दसऱ्याचा वाळका झेंडूचा हार अजून तसाच. ढालीखाली दोन खिळे. खिळ्यांवर त्यांची बॅट असायची, आज नव्हती. भिंतीवर बॅटच्या आकाराची स्वच्छ जागा तेवढी दिसत होती.

"बॅट कुठं गेली?"

"पॉलिशला दिलीय," भाऊ भिंतीकडं बघत म्हणाले.

बॅटला पॉलिश करतात का, मला माहीत नव्हतं. विचारायला हवं होतं. पण सई बाहेर आली ती मोबाइल नाचवत. "उद्या सकाळी वर्सोव्याला जायचं, मावशी. त्यानं शाफ्ट परत दिला नाही तर तिथूनच पोलीस चौकीत."

भाऊंच्या हातातला चहा बशीत सांडला. "पोलीस? अगं, गरीब माणूस आहे तो…"

"तुम्हाला काय माहीत गरीब आहे की श्रीमंत? तुम्ही कधी बघितलंय त्याला?"

भाऊंनी बशीतला चहा परत कपात ओतला. मी त्यांच्याकडं बघतच राहिले.

४

हरेश्वरचं दुकान म्हणजे घरापुढची पडवी. बाहेर दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले, आत छतापासून पांढऱ्या लाकडाच्या कांबी लोंबत होत्या, प्रत्येक वेगळ्या दोऱ्याला. त्याचे वडील होड्यांची वल्ही करायचे, अजूनही कोपऱ्यात पाचसहा जुनी वल्ही उभी होती. हरेश्वर चाळिशीचा, खांदे वल्हं मारणाऱ्याचे, पण बोटं अशी की सईपेक्षाही नाजूक काम करतील.

"माझा शाफ्ट कुठाय?" सईनं नमस्कारसुद्धा केला नाही.

"नाय माज्याकडं."

"माझ्या पेटीत आहे तो तुझाच ना?"

"माजाच."

"मग कोणाला दिलास तो?"

"ते मी सांगनार नाय, बाय. मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

हरेश्वरनं रंधा उचलला आणि पुसत बसला. तो पुसलेलाच होता. सई तावातावानं बोलत सुटली. चोर म्हणाली, लबाड म्हणाली, माझी दोन वर्षं खाल्लीस म्हणाली. त्यानं मान वर केली नाही. शेवटी त्याची आई, सखुबाई, घरातून बाहेर आली आणि मला म्हणाली, "बाय, दोन गिऱ्हाइकं गेली काल. माजा पोरगा चोर नाय. तो भला मानूस रडला म्हनून यानं दिलं, आनि आता हा शिव्या खातोय. मी तर त्या मानसाला घरी न्यायला सुका जवला पन बांधून दिला…"

"आये! गप!" हरेश्वर ओरडला.

सई ते ऐकायला तिथं नव्हती. ती पाय आपटत गल्लीच्या टोकाला चौकी शोधायला गेली होती.

मी मात्र जागची हलले नाही. रडलेला भला माणूस. बांधून दिलेला सुका जवळा. आणि आमच्या जिन्यातली बोकी, दाराच्या फटीला नाक लावून बसलेली!

मी कोपऱ्यात गेले. वल्ह्यांच्या मागं, जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. हरेश्वर "ओ बाई, ते नका…" म्हणेपर्यंत मी साडी बाजूला केली होती. आत क्रिकेटची बॅट होती. जुनी, पिवळी, चकचकीत. मी ती नाकाजवळ नेली आणि दोन दिवस जिभेवर घोळणारं नाव एकदम सापडलं.

अळशीचं तेल.

"हरेश्वर," मी म्हटलं, "तू शब्द दिलायस ना? पाळ तो. बोलू नकोस. मी बोलते, तू फक्त रंधा पुसत राहा. चुकले तर पुसायचं थांब."

मी बोलले. त्यानं पुसणं थांबवलं नाही.

मग मी धावत सुटले. म्हणजे, माझ्या गुडघ्यांना जेवढं धावता येतं तेवढं. सई चौकीच्या पायरीवर होती. तिचा दंड धरून तिला रिक्षात कोंबली आणि पार्ल्यापर्यंत एक शब्द बोलले नाही. तिनंही माझा हात पार्ल्यापर्यंत झिडकारलाच.

५

भाऊ दार उघडून उभेच होते. बहुधा सकाळपासून.

"बसा," मी म्हटलं. "तूही बस, सई. मध्ये बोललीस तर याद राख."

सई बसली. भाऊ उभेच राहिले.

"पेटी क्लबमध्ये कोणी उघडली नाही, कॅमेऱ्यात दिसतं. म्हणजे शाफ्ट घरीच बदलला. पेटीतला शाफ्ट हरेश्वरचा, पण तो पाच दिवसांत बनत नाही. म्हणजे दुसऱ्या कोणासाठी केलेला तयार शाफ्ट त्यानं दिला. तो यज्ञेशचा होता, म्हणून यज्ञेश बोंबलतोय. आता, हरेश्वरनं आपलं गिऱ्हाईक तोडून तो का दिला? तर कोणीतरी जुना शाफ्ट खराब करून त्याच्याकडं रडत गेलं. शुक्रवारी सकाळी सईनं तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं, भाऊ. आणि तुम्ही माझ्या दारात म्हणालात, नवी वस्तू हाताला बसायला चार दिवस लागतात. नवी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

भाऊंनी खुर्चीची पाठ धरली.

"पेटीत तेलाचा डाग आहे, फक्त पुढच्या अर्ध्याच्या जागी. अळशीच्या तेलाचा. तुमची बॅट वर्सोव्याला आहे, तिलाही तोच वास. आणि तुमच्या घरात कुठंतरी सुका जवळा आहे."

"फ्रिजच्या मागं," भाऊ हळूच म्हणाले. "टाकवेना. त्या बाईंनी इतक्या प्रेमानं दिला हो."

"बाबा?" सई उभी राहिली. "तुम्ही माझ्या क्यूला तेल लावलंत?"

"बॅटला लावतात गं," भाऊ म्हणाले. "सीझन सुरू व्हायच्या आधी दोन हात लावायचे, लाकूड चिवट होतं. तुझी फायनल होती. म्हटलं, पोरगी पुण्याला आहे, आपण तेवढं करून ठेवू. मग ओल जावी म्हणून बाल्कनीत उन्हाला टेकवून ठेवला. सोमवारी बघतो तर चिकट, आणि मध्ये बाक आलेला. किती पुसला, मिठानं पुसला, पिठानं पुसला… मंगळवारी घेऊन गेलो वर्सोव्याला. तो म्हणाला, हा मेला. पैसे घेईना. मग मी बॅट ठेवून आलो. जबरदस्तीनं."

"आणि मला सांगितलं नाहीत! मी त्या माणसाला चोर म्हटलं, बाबा! सगळ्यांसमोर! दोन दिवस तुम्ही ऐकत बसलात!"

"सांगणार होतो. गुरुवारी रात्री सांगणार होतो. तू खोलीत जाऊन दार आपटलंस. शुक्रवारी आणखी अवघड झालं, आज आणखी. वाटलं होतं, तुला कळणार नाही. दोन्ही पांढरेच दिसतात."

"पांढरेच दिसतात!" सईचा आवाज फाटला. "माझी पेटी उघडलीतच कशाला तुम्ही? बघवत नाही ना तुम्हाला माझा खेळ? अड्डा ना तो?"

तिचं खरं होतं. मलाही भाऊंचा संताप आलेला. म्हातारपणी भित्रेपणा म्हणजे कहरच. पण एक गोष्ट राहिली होती.

"तिनं नंबर कोणालाच सांगितला नव्हता, भाऊ. कुलूप उघडलंत कसं?"

भाऊंची नजर ढालीकडं गेली. मी उठले आणि ढालीवरचा वाळका झेंडूचा हार वर उचलला. खाली कोरलेलं होतं: आंतर-बँक स्पर्धा, १९८४. सर्वाधिक धावा. १३७ नाबाद.

"नुसतं बघायचं होतं मला," भाऊ म्हणाले. "दोन वर्षं जीव टाकतेय, आहे तरी काय ते. आधी तिच्या वाढदिवसाची तारीख लावली, उघडेना. तिच्या आईची लावली. मग उगाच, गंमत म्हणून, हे लावलं. आणि खट्कन उघडलं हो, उत्तराताई. लहानपणी शंभर वेळा सांगितली असेल मी ती इनिंग. ही कानात बोटं घालून बसायची. मला वाटायचं, ऐकतच नाही." त्यांनी डोळे पुसले. "मी तिथंच जमिनीवर बसलो. मग वाटलं, आपणही काहीतरी करावं तिच्यासाठी. दुसरं काय येतं मला? तेल लावता येतं."

सई वळली. आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, एवढंच.

६

रात्री आठ वाजता क्लबच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला. मला हर्षदनं दाखवला. "हरेश्वर चोर नाही. चूक माझ्या घरात झाली आणि मी त्याचं नाव घेतलं. त्याच्याकडूनच क्यू घ्या. माफी मागायला मी स्वतः जाते आहे." आणि ती गेलीही. सखुबाईनं म्हणे तिला अर्धा तास ऐकवलं आणि मग जेवू घातलं.

रविवारी फायनलला मी गेले, कारण भाऊंना एकट्यानं जायची लाज वाटत होती. दोन जिने परत. वर हरेश्वर आला होता, बगलेत साडीत गुंडाळलेली बॅट. ती त्यानं भाऊंच्या मांडीवर ठेवली.

"मग त्या लाकडाला लावायचं तरी काय?" भाऊंनी विचारलं.

"काय बी नाय. रोज हात लावायचा, बस."

यज्ञेशला सगळं कळलं होतं. त्याच्याच जादा शाफ्टनं सई त्याच्याशी खेळणार होती. "खेळ गं," तो म्हणाला. "पण हरलीस तर शाफ्टचं कारण सांगायचं नाही."

जो आधी नऊ डाव घेईल तो जिंकणार होता. मला त्यातलं काही कळत नाही, दोन तास मी नुसते चेंडू मोजले. आठ-आठ झालं तेव्हा मात्र माझीही बोटं आवळली गेली. शेवटच्या डावात सईला एकच चेंडू घालायचा राहिला होता, लांबचा, पण सरळ. तिनं मारला. चेंडू भोकाच्या ओठावर गरगरला आणि बाहेर आला. यज्ञेशनं तो सहज घातला. संपलं.

मला रडू आलं. एवढं सगळं करून हरायचं? हर्षद बिलाच्या वहीत बघू लागला. आणि अशा वेळी भाऊ उठले, टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "डोकं उचललंस."

मी मनात म्हटलं, झालं, आता ही त्यांना काठीनं मारणार.

"तुम्हाला काय कळतं पूलमधलं?" सई कडाडली.

"पूलमधलं नाही कळत. डोकं उचललेलं कळतं. मारायच्या आधीच बघायला गेलीस चेंडू कुठं जातो ते. सहाव्या डावातही तेच केलंस."

सईनं हरेश्वरकडं बघितलं.

"बरोबर हाय त्यांचं," हरेश्वर म्हणाला.

"सहाव्यात नाही, सातव्यात," सई म्हणाली.

"सहाव्यात. मी मोजत होतो."

आणि दोघं भांडायला लागले. सहावा की सातवा, डोकं की खांदा, उजवा पाय कुठं होता. पंधरा मिनिटं! माझा गुडघा ठणकत होता, पोटात कावळे ओरडत होते आणि यांचं संपेना. शेवटी मीच ओरडले, "घरी चला आता!"

सईनं क्यू पिळून सोडवला, दोन्ही अर्धे फडक्यानं पुसले, पेटीत ठेवले आणि पेटी भाऊंच्या हातात दिली. "धरा. उद्या सातला यायचं इथं, ऑफिस सुटलं की. माझं डोकं बघायला. आणि घरातली ती तेलाची बाटली उत्तरामावशीकडं जमा करायची."

भाऊंनी कुलपावरून अंगठा फिरवला. "नंबर बदलला असशील ना?"

"बदलला."

त्यांची मान खाली गेली. "बरोबर आहे तुझं," म्हणाले.

"एकशे अडतीस," सई म्हणाली. "तोंड लपवून का होईना, वर्सोव्यापर्यंत गेलात ना, त्याची एक धाव दिली."